चुंबकाची दाढी

चाळीसमोर रेतीचा ढीग पडला की आमची सुट्टी सुरू व्हायची, मग शाळा चालू असो वा नसो. डोंबिवलीत तेव्हा कुठे ना कुठे चाळ पाडून बिल्डिंग उभी राहतच असायची. रेती यायची मोठागावच्या रेतीबंदरावरून, खाडीतून उपसलेली, ओली, शंखशिंपल्यांसकट. बाकीची मुलं त्यात किल्ले करायची, मांजरं आपले विधी उरकायची. माझ्याकडे मात्र खजिना होता. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या भंगारातून मिळवलेला स्पीकरचा चुंबक, मेदूवड्यासारखा, मधे भोक असलेला. सुतळीत ओवून तो मी ढिगातून ओढत न्यायचे आणि दहा पावलांत त्याला दाढी फुटायची. काळी, बारीक, कुळकुळीत. ती ओरबाडून वहीच्या कागदावर घ्यायची आणि कागदाखालून चुंबक फिरवायचा. भाताच्या खाचरात वारा शिरावा तसे ते केस उठायचे, झोपायचे, पुन्हा उठायचे.

आई म्हणायची, "अगं, लोखंडाचा कीस आहे तो, कारखान्यातला." एमआयडीसी गावाला लागूनच असल्यामुळे कुठल्याही काळ्या वस्तूचा उगम तिथे शोधायची आम्हाला सवय होती. आई चुकत होती, पण हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली.

मामा गोदीत होता. चुंबकाचं वेड पाहून त्याने मला एक पितळी होकायंत्र आणून दिलं. तो त्याला नुसतं 'होका' म्हणायचा. ते घरात आल्या दिवशीच आजीने त्याला कामाला लावलं. उत्तरेला डोकं करून झोपू नये, हा आजीचा कायदा. हत्ती उत्तरेला डोकं करून झोपला, म्हणून शंकराच्या गणांनी त्याचंच डोकं उतरवून गणपतीला आणलं. "तेव्हा आपलं डोकं आपल्याच धडावर राहील असं झोपावं," हे आजीचं तात्पर्य. पण दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपत असतील तर डोकं कुठे करायचं हे दिशा ठरवत नाही, मोरी ठरवते. बाबांची अंथरुणाची जागा आजीच्या मते उत्तरेची होती, बाबांच्या मते ईशान्येची. आता यंत्र होतं. निकाल लागणार होता.

मी होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ ठेवलं. सुई कपाटाकडे वळली. खाटेवर ठेवलं तर पायाकडच्या नळीकडे. गॅलरीत नेलं तर तिसरीकडेच, कठड्याच्या गजांकडे. एका बिऱ्हाडात तीन उत्तरा. आजीने यंत्र हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "यालाच ठाऊक नाही, हे मला काय सांगणार?"

पुढच्या रविवारी मामा आला तेव्हा त्याला ही फजिती सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, जहाजं लाकडाची होती तोवर होका सरळ होता. जहाज लोखंडाचं झालं आणि होका घरच्याच माणसांचं ऐकायला लागला. म्हणून मोठ्या जहाजावर होक्याच्या दोन्ही अंगांना लोखंडाचे दोन गोळे बसवतात, आत छोटे चुंबक ठेवतात, जहाज समुद्रात गोल फिरवून प्रत्येक दिशेला सुई किती चुकते त्याचा तक्ता करतात. "सुई खोटं बोलत नाही गं. जवळचं मोठ्याने बोलतंय, म्हणून तिला लांबचं ऐकू येत नाही."

हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलं आहे. पृथ्वीचं चुंबकत्व फार क्षीण असतं, हे त्यातलं खरं मर्म. ठाण्या-डोंबिवलीत त्याची तीव्रता त्रेचाळीस हजार नॅनोटेस्लांच्या आसपास आहे. आकडा भारदस्त वाटतो, पण टेस्ला हे चुंबकत्वाचं माप आणि नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा हिस्सा. फ्रिजवर बिल अडकवायला लावतो तो चुंबकसुद्धा जवळून याच्या कितीतरी पट जोरदार असतो. सुई इथे जवळजवळ खऱ्या उत्तरेकडेच पाहते, फरक अर्ध्या अंशाच्याही आतला. जगातल्या कित्येक गावांच्या नशिबी एवढी सरळ सुई नाही. मात्र तिला आडव्या अक्षावर मोकळं सोडलं तर ती क्षितिजासमांतर राहत नाही, उत्तरेचं टोक पंचवीस-सव्वीस अंशांनी जमिनीत खुपसते. ध्रुवावर ती उभी राहील, दक्षिण टोकाला तिरुनेलवेलीकडे जवळजवळ आडवी. म्हणजे सुई फक्त दिशा सांगत नाही, तुम्ही पृथ्वीच्या पाठीवर किती वर-खाली आहात तेही तिच्या मानेच्या झुकण्यात असतं. हे शेवटचं माणसाच्या फारसं कामी आलं नाही. दुसऱ्यांच्या आलं, त्यांच्याकडे येतेच.

आजीच्या कायद्याला आता विज्ञानाचा मुलामा मिळाला आहे. रक्तात लोह असतं, ते उत्तरेकडे खेचलं जातं, मेंदूवर दाब येतो, वगैरे. आमच्या नव्या इमारतीत एक वास्तुवाले आले होते. फोनमधलं होकायंत्र उघडून ते प्रत्येक खोलीच्या मध्यभागी उभे राहत होते, आणि त्यांच्या पायाखाली, डोक्यावर, चारही बाजूंच्या खांबांत टनावारी सळ्या होत्या. मला मामा आठवला. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. आणि कल्याणच्या कुठल्याही बऱ्या एमआरआय यंत्रात माणूस दीड टेस्लाच्या क्षेत्रात, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे पस्तीस हजार पट जोरात, अर्धा तास पडून राहतो आणि उठून घरी जाऊन पोहे खातो. आजीची हत्तीची गोष्ट मला आजही अधिक प्रामाणिक वाटते. तिने निदान विज्ञानाचा हवाला दिला नव्हता.

नोकरी ठाण्याला लागली आणि वीस वर्षं मी लोकलच्या डब्यात काढली. डोंबिवली सुटली की गाडी आधी नैर्ऋत्येला जाते आणि दिव्यापासून ठाण्यापर्यंत जवळजवळ पश्चिमेला. तरी आम्ही सगळे 'वर मुंबईला' चाललोत असं म्हणतो. एकदा मुंब्र्याच्या अलीकडे गाडी रखडली असताना फोनमधलं होकायंत्र उघडलं. त्याने आत्मविश्वासाने ईशान्य दाखवली. मग स्वतःच शंका आली म्हणून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा म्हणाला. मी फिरवत असताना शेजारच्या बाईंनी सहानुभूतीने विचारलं, "तुमचंपण नेटवर्क गेलं का?"

डब्याचं पोलाद, तारांतला आणि मोटारींतला प्रवाह, या सगळ्यांत फोनमधली ती बिचारी चकती काय ऐकणार? १९२५ मध्ये मुंबईत विजेची पहिली गाडी धावली ती पंधराशे व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर डीसीचा जमाना थेट २०१५ पर्यंत टिकला. डीसीची खोड अशी की प्रवाह रुळांतून परत जाताना थोडा जमिनीत गळतो आणि वाट फुटेल तसा भटकतो. जिथे प्रवाह तिथे चुंबकत्व. तुम्हाआम्हाला त्याचा पत्ता लागत नाही. पण एका नॅनोटेस्लाचा फरक टिपायला बसलेल्या माणसाला तो ढोलताशाइतका ऐकू येतो.

अशी माणसं मुंबईत होती. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली ती मुख्यतः बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून. १८४१ पासून तिथे चुंबकीय वेध सुरू झाले. जर्मनीत गाउसने, जगभरच्या सुया एकाच वेळी वाचल्या पाहिजेत, असा आग्रह धरला होता. त्या लाटेत एल्फिन्स्टनमधले गणिताचे प्राध्यापक ऑर्लेबार यांनी कुलाब्यात हे काम उभं केलं. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरही पुढे या वेधशाळेचं काम पाहत होते. आणि ऑर्लेबारांच्या हाताखाली एक पोरगा लागला, वय वर्षं पंधरा-सोळा, पगार पन्नास रुपये. अलिबागजवळच्या नागावचा केरो लक्ष्मण छत्रे.

केरूनाना छत्र्यांची आपण टिळकांचे गुरू एवढ्यावर बोळवण करतो. हा त्यांच्यावर अन्याय आहे. शिष्य मोठा निघाला म्हणून गुरूने तळटीप का व्हावं? नागावच्या वाडीतून आलेला तो मुलगा दहाएक वर्षं कुलाब्यात होता. चुंबकीय वेध घेणं म्हणजे तेव्हा दोऱ्याला टांगलेल्या चुंबकावर आरसा, समोर दुर्बीण, दुर्बिणीतून दिसणारी मोजपट्टी, आणि तासातासाला, रात्री-अपरात्री, दिव्याच्या उजेडात एक आकडा. जवळ जाताना खिशात चाकू नको, कमरेला किल्ली नको. चुंबक श्वासासारखा किंचित हलत असतो, तो कुठे थबकतो ते पाहायचं आणि लिहायचं. पुढे ग्रहगणिताची कोष्टकं करणाऱ्या माणसाची बोटं या कंटाळवाण्या आकड्यांवर तयार झाली. कंटाळा हे शास्त्राचं भांडवल आहे हे आपल्याकडे शिकवत नाहीत.

त्या कंटाळ्याचं मोल १८५९ मध्ये कळलं. केरूनाना तोवर पुण्याला गेले होते. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत असताना एका डागावर लख्ख पांढरा भडका उडालेला त्याला दिसला. साडेसतरा-अठरा तासांनी सूर्यावरून सुटलेला तो विद्युतभारित लोंढा पृथ्वीवर येऊन आदळला. कुलाब्यात तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. युरोपातल्या वेधशाळांत फोटोच्या कागदावर आपोआप नोंद होई, आणि त्यांची रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्यात तसं यंत्र नव्हतं, डोळे होते. माणसांनी पट्टीवर पाहून आकडे लिहिले. आडवं बल सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी कोसळलं आणि ते कोसळणं वहीत उतरलं. अमेरिकेत तारायंत्रांच्या तारा बॅटरीविना चालल्या, क्यूबापर्यंत आकाश लाल झालं, हे सगळं पुस्तकांत असतं. पण त्या वादळाने पृथ्वीचं क्षेत्र किती दाबलं हे सांगणारी जगातली मोलाची नोंद कुलाब्याची. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखीना आणि शोभना अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर हे जुने आकडे पुन्हा मांडले, तेव्हा सौरवादळांचा अभ्यास करणारं सगळं जग एका जुन्या वहीकडे वळलं.

आणि मग मुंबईला विजेची ट्राम हवीशी झाली.

घोड्यांच्या ट्रामने सुईचं काही बिघडत नव्हतं. विजेच्या ट्रामने बिघडणार हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी आधीच ओळखलं. ट्रामला 'थांब' म्हणण्यात अर्थ नव्हता. मूस यांनी सुईचंच बस्तान हलवायचं ठरवलं. जागा निवडली अलिबागची, समुद्रकाठची. इमारती पोरबंदरी दगडाच्या, तोही पारखून घेतलेला, चुंबकत्व नसलेला. आपला काळा पाषाण, ज्यावर बहुतेक महाराष्ट्र उभा आहे, तो तिथे चालला नसता. का, ते पुढे सांगते. भिंतीत लोखंडाचा खिळा नाही. १९०४ मध्ये अलिबागचे वेध सुरू झाले. मूस यांनी घाईने कुलाबा बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी वाचन चालू ठेवलं, म्हणजे जुन्या आकड्यांची नव्यांशी गाठ बांधता येईल. १९०७ मध्ये ट्राम विजेवर धावली तेव्हा सुई खाडीपलीकडे सुखरूप होती. जुन्या शहरातून नव्या घरी जाताना विस्तव जपून नेतात तसं त्यांनी हे नेलं. म्हणूनच १८४० च्या दशकापासून आजपर्यंतची ही माळ जगातल्या फार थोड्या अखंड माळांपैकी एक आहे.

गंमत अशी की अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं आणि समोरच्या समुद्रात कुलाबा किल्ला आजही आहे. सुई कुलाब्याहून निघाली ती कुलाब्यालाच गेली. आणि नागाव तिथून चालत दीड-दोन तासांवर. केरूनानांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या बायकांबरोबर अलिबागला गेले होते. ओहोटीची वेळ, घोडागाड्या किल्ल्याकडे चाललेल्या, भेळ, फुगे, सेल्फी. वेधशाळेच्या कुंपणापाशी मी थोडी रेंगाळले. बाहेरून पाहण्यासारखं काही नाही. झाडं, शांतता, बैठ्या इमारती. पाटी वाचून एकीने विचारलं, "हवामान खातं का गं? पाऊस सांगतात ते?" मी हो म्हटलं. उन्हात उभं राहून काय काय सांगणार?

आता दाढीकडे येते.

ती काळी रेती कारखान्याची नव्हती. ती सह्याद्रीची होती. उल्हास राजमाची-लोणावळ्याकडून येते, तिला काळू-भातसा मिळतात, आणि हे सगळं पाणी वाटेतला काळा पाषाण किसत किसत कल्याणच्या खाडीत उतरतं. त्या पाषाणात मॅग्नेटाइटचे बारीक खडे असतात. माझ्या चुंबकाला चिकटायचे ते हे. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हा पसरला आणि थंड होत गेला, तेव्हा ५८० अंशांच्या खाली उतरताना या खड्यांनी त्या वेळचं पृथ्वीचं चुंबकत्व आपल्या अंगात गोठवून घेतलं. प्रत्येक थर म्हणजे थिजलेलं होकायंत्र.

१९५० च्या दशकात लोकांनी ते वाचायला घेतलं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांचा निबंध १९५६ चा. मग मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या थरांतून दगड गोळा करून मोजले, त्यांचा निबंध १९५९ चा. निघालं काय? दगडातली सुई आजच्या सुईसारखी नव्हतीच. सह्याद्रीच्या खालच्या थरांत ती आग्नेयेकडे तोंड करून चाळीस-पन्नास अंशांनी जमिनीत शिरलेली, आणि महाबळेश्वराकडच्या माथ्याच्या थरांत नेमकी उलट, वायव्येकडे, आकाशाकडे मान केलेली. याचे दोन अर्थ, आणि दोन्ही झोप उडवणारे. एक, लाव्हा वाहत असतानाच पृथ्वीची उत्तर आणि दक्षिण यांनी जागा बदलल्या होत्या. दुसरा सुईच्या झुकण्यातून निघतो. ही जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तीस अंशांच्या आसपास होती. म्हणजे पारसिकचा डोंगर, मलंगगड, आमच्या चाळीचा पाया, सगळं पाच हजार किलोमीटर प्रवास करून इथे आलं आहे. खंडं सरकतात यावर तेव्हा पुष्कळ भूशास्त्रज्ञ हसत होते. हसणं थांबवायला ज्या दगडांनी मदत केली त्यांची आपण खडी करतो.

गड चढणाऱ्या पोरांना हे हातानेच कळतं. कल्याण-डोंबिवलीत दर शनिवारी रात्री पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं फलाटावर दिसतात, त्यांना विचारा. कातळावर होकायंत्र टेकवलं तर काही ठिकाणी सुई बहकते, उचलून छातीशी धरलं की शुद्धीवर येते. वीज पडलेल्या माथ्यावर तर जास्तच. मूस यांना काळा दगड का नको होता, ते हेच.

याच कल्याणचं बंदर दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांना 'कल्लिएना' म्हणून ठाऊक होतं, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत. त्या जहाजांवर होका नव्हता. मोसमी वारा, तारे आणि पाण्याचा रंग यांवर ते येत-जात. त्यामुळे चुंबक नसता तर माणूस समुद्रात उतरलाच नसता, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण ढगाळ रात्री तारे नसतात. त्या रात्री सुईने जो धीर दिला तो मामासारख्या माणसाला विचारावा. आज आकाशातून दिशा सांगणारे उपग्रह आहेत, तरी मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर '२७' लिहिलेलं असतं ते चुंबकीय २७० अंशांचं, आणि फोनमधली ती गोंधळलेली चकतीही मुकाट्याने सुईचंच काम करते.

माणसाने सुई शोधण्याच्या कितीतरी आधी ती दुसऱ्यांच्या अंगात होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या गच्चीवर धोबी पक्षी येतो, शेपूट वरखाली करत पाण्याच्या टाकीजवळ धावतो. मूठभर जीव, आणि आलेला कुठून, तर हिमालय नाहीतर त्याच्याही पलीकडून. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांची वाहवा होते आणि व्हावीच. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव गेलं. पण माझं मन या धोब्यापाशी अडकतं. पक्षी सूर्य, तारे, नद्या, डोंगर, सगळंच वापरतात. त्यात चुंबकत्वही असतं, हे १९६० च्या दशकात फ्रँकफुर्टमध्ये संशोधक विल्चको यांनी रॉबिन पक्ष्यांवर दाखवलं. नवल म्हणजे पक्ष्याच्या होक्याला उत्तर-दक्षिण कळत नाही. त्याला कळतं ते झुकणं. ज्या बाजूला क्षेत्र जमिनीत शिरतं ती ध्रुवाची बाजू. सुईच्या मानेत असलेली जी गोष्ट आपण टाकून दिली, ती यांनी उचलली. समुद्री कासवांचंही तसंच काहीसं. ओडिशाच्या गहिरमाथ्याला २०२१ मध्ये पंखाला खूणपट्टी लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा. तिने त्यासाठी काय काय वापरलं ते तीच जाणे, पण तिच्या जातभाईंच्या पिल्लांवर झालेले प्रयोग चुंबकत्वाकडे बोट दाखवतात.

जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गची गोष्ट मला मूस यांच्या शेजारी ठेवावीशी वाटते. तिथल्या विद्यापीठात लाकडी खोल्यांत ठेवलेले रॉबिन दिशाच विसरले. जोडीला तारे नव्हते, सूर्य नव्हता, फक्त चुंबकत्व होतं, आणि तरी ते वेड्यासारखे कुठेही उड्या मारत होते. शेवटी खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडले आणि पक्ष्यांना दिशा सापडली. शहरातल्या विजेच्या उपकरणांतून सुटणारा, रेडिओच्या मध्यम लहरींच्या पट्ट्यातला गोंगाट त्यांच्या आतल्या सुईला बधिर करत होता. शहराबाहेरच्या शेतात नेलेल्या पक्ष्यांना पत्रे लागलेच नाहीत. हा निबंध २०१४ चा. माणसांना त्या गोंगाटाने काही होतं असा त्याचा अर्थ नाही, एवढं इथेच सांगून ठेवते, नाहीतर उद्या वास्तुवाले ॲल्युमिनियम विकायला येतील. पण सुईला अलिबागला नेणारा कोणीतरी होता. धोब्याला कोण नेणार?

हे क्षेत्र येतं कुठून? एकोणतीसशे किलोमीटर खोल, वितळलेल्या लोखंडाचा समुद्र सतत ढवळत असतो, तिथून. ते नसतं तर सूर्याकडून येणारा कणांचा वारा थेट वातावरणाला घासत राहिला असता. मंगळाचं चुंबकत्व फार पूर्वी विझलं आणि त्याची हवा हळूहळू निघून गेली, हे उदाहरण नेहमी दिलं जातं. शुक्राला चुंबकत्व नाही आणि हवा मात्र दाट आहे, हे उदाहरण सोयीस्करपणे दिलं जात नाही. तेव्हा ढाल म्हणताना जरा जपून. तरी १९८९ च्या मार्चमध्ये सौरवादळाने कॅनडाचा क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारात घातला होता, आणि २०२४ च्या १० मेच्या रात्री लडाखमधल्या हानले इथे आकाश लाल झालेलं कॅमेऱ्यांनी टिपलं. कुलाब्याच्या वहीतल्या आकड्याशी ताडलं तर मेमधलं ते वादळ ढोबळमानाने चौथ्या हिश्श्याचं. डोंबिवलीत त्या रात्री नुसतं उकडत होतं. अलिबागच्या सुईला तेवढं कळलं.

आजी गेली. चाळ गेली. मामाचा होका माझ्याकडे आहे, काच तडकलेली, सुई शाबूत. आई आता माझ्याकडे असते आणि पूर्वेला डोकं करून झोपते, कारण पंखा तिकडे आहे.

मागच्या महिन्यात समोर पुन्हा बांधकाम निघालं. ढीग पडला, पण खाडीच्या रेतीचा नाही. खाडीतली रेती मिळेनाशी झाली, आता डोंगर फोडून, खडी दळून केलेली क्रश सँड येते, राखाडी, कोरडी, शंखशिंपल्याशिवाय. संध्याकाळी कोणी नाही असं पाहून मी स्पीकरचा तो जुना चुंबक घेऊन खाली उतरले आणि सुतळी बांधून ढिगातून ओढला. वॉचमन खुर्चीवरून पाहत होता. दाढी पूर्वीइतकी काळी नाही, राखाडी असते. पण फुटते.